वगळलेला सोमवार

दत्ताराम,

तुझ्याविषयी दहा ओळी लिहून द्याव्यात, असे कॉलेजच्या वार्षिक अंकाच्या संपादकांनी मला कळवले आहे. 'मनमिळाऊ व कष्टाळू सहायक' हे शब्दही त्यांनीच सुचवले. तू मनमिळाऊ नव्हतास. सहा वर्षे तू माझ्या हाताखाली होतास. त्या सहा वर्षांत मी तुला कधी पुरता मान्य झालो नाही आणि तू मला झाला नाहीस. दहा ओळींत हे बसत नाही. त्यांना हव्या त्या ओळी त्यांनी दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्याव्यात. हे मी तुला लिहीत आहे, आणि एक अक्षर न गाळता ते छापावे, एवढी माझी अट आहे.

तू गेल्याचे मला चौथ्या दिवशी कळले. निवृत्त झाल्यावरही मी प्रयोगशाळेत येऊन बसतो. कोणी हरकत घेत नाही. शिपाई परब आले, दाराशी उभे राहिले आणि म्हणाले, "सर, आपला दत्ताराम गेला." परब तुझ्याच चाळीतले, त्यांना 'आपला' म्हणण्याचा अधिकार होता. मी विचारले, "कधी?" त्यांनी वार सांगितला. मी त्यांना फळा पुसायला सांगितले. फळा आधीच कोरा होता. त्यांनी तो पुसला आणि ते निघून गेले.

तू आलास तेव्हा मॅट्रिक होऊन दोन वर्षे झाली होती. तुझ्या वडिलांनी गिरणीत तुझ्यासाठी बदली कामगाराची जागा धरून ठेवली होती आणि तू माग सोडून माझ्याकडे चाकरीला आला होतास. कॉलेजच्या मागे, गिरणीच्या भिंतीला लागून, पडीक जमिनीचा एक तुकडा होता. पावसाळ्यात तिथे मारवेल गवत कमरेपर्यंत वाढे. तो तुकडा मी मागून घेतला आणि आपण दोघांनी त्याचे आठ वाफे पाडले. दोन वाफ्यांना अमोनियम सल्फेट, दोन वाफ्यांना हाडांचा चुरा, दोन वाफ्यांना मीठ, आणि उरलेले दोन उपाशी. 'उपाशी' हा शब्द तुझा. मी 'अपोषित' लिहीत असे.

प्रश्न साधा होता. गवत सगळीकडे एकाच जातीचे, ऊन सगळीकडे सारखे. मग नाकतोडा चरायला एका वाफ्यात जातो आणि शेजारच्यात जात नाही, असे का? मातीत आपण जे घालतो ते गवतात उतरते आणि गवतात जे उतरते त्याचा माग कीटकाला लागतो, हे मला दाखवून द्यायचे होते. ह्या कामापायी सहकारी मला हसत. तू हसला नाहीस. पहिल्याच दिवशी तू विचारलेस, "सर, त्याला कळतं कसं? चावून बघितल्यावर, की आधीच?" ह्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मला आजही देता येत नाही. त्या प्रश्नामुळेच मी तुला ठेवून घेतले. हे मी तुला कधी सांगितले नाही.

नाकतोडे मोजणे हे दिसते तितके सोपे नाही. सावली पडली की ते उडतात, पाऊल वाजले की उडतात. तू सूर्याकडे तोंड करून उभा राहायचास, लाकडी चौकट गवतावर अलगद टेकवायचास आणि ओठांतल्या ओठांत मोजायचास. विसाला सुतात एक गाठ. वडील मागावर असेच मोजतात, असे तू म्हणाला होतास. माझ्या हातून चौकट टेकताच अर्धे नाकतोडे पसार होत. तुझ्या हातून एक हलत नसे. ही गोष्ट मी सहा वर्षे पाहिली आणि सहा वर्षे तिच्याविषयी गप्प राहिलो. तुझ्या अक्षराविषयी मात्र दर आठवड्याला बोललो.

माझा सिद्धान्त एका ओळीचा होता: जिथे नत्र अधिक, तिथे कीटक अधिक. सल्फेट घातलेल्या गवतात नत्र भरते, नत्रातून प्रथिने होतात, प्रथिनांवर कीटकाचे अंग पोसते. श्रावण-भाद्रपदात आकडे अगदी तसेच येत. बिनपंखांची पिल्ले हिरव्यागार वाफ्यांत दाटी करीत. तक्ता इतका सुबक दिसे की मी तो घरी नेऊन पाहत बसे.

तिसऱ्या हंगामापासून तू कुरकुर सुरू केलीस.

"सर, दसरा झाला की ही मंडळी पक्ष बदलतात."

"स्पष्ट बोल."

"पंख फुटले की ऊन चढल्यावर हिरव्या वाफ्यांतून उठतात आणि उपाशी वाफ्यांत जाऊन बसतात. तिथलं पिवळं गवत खातात."

"ऊन चुकवीत असतील."

"उलट तिकडे ऊन जास्त."

"मग तुझी मोजणी चुकत असेल."

"नाकतोडेच चुकत असतील, सर. त्यांनी तुमचा तक्ता बघितला नाही ना."

अशा उत्तरांमुळे तू मला नकोसा होत होतास. तुझी उपपत्तीही तू कधी सरळ मांडली नाहीस. म्हणालास, गिरणीत नवा पोरगा लागला की त्याला आई मासळी घालते, डाळ घालते, कारण त्याचं अंग भरायचं असतं. चाळिशीच्या माणसाच्या डब्यात भाकरी लागते, कारण त्याला आठ तास उभं राहायचं असतं. नाकतोड्याचं अंग भरून झालं, आता त्याला उडायचंय. सल्फेटच्या गवतात अंग भरायचं सामान आहे, उडायचं नाही.

मी म्हणालो, "हे शास्त्र नव्हे, खाणावळ आहे."

तू म्हणालास, "खाणावळीतच कळतं, सर, कोण कुठल्या ताटावर बसतो ते."

आज ह्या उत्तरावर मी हसू शकतो. तेव्हा मी तुला दोन दिवस काचसामान धुवायला लावले होते.

मोजणी दर सोमवारी अकरा वाजता, हा नियम माझा. एकही सोमवार चुकला तर त्या हंगामाच्या सगळ्या नोंदी मी फेकून देईन, हेही मीच बजावले होते. ती पोकळ धमकी नव्हती. दुसऱ्या वर्षी आईच्या वर्षश्राद्धासाठी तू एक सोमवार गावी राहिलास. परत आलास तेव्हा तुझ्यासमोर मी वहीची पाने फाडली. चार महिन्यांची मेहनत होती. तू पानांकडे पाहिलेस, मग म्हणालास, "पुन्हा चुकणार नाही." आणि तू चुकला नाहीस. माझा दंडक माझ्यापेक्षा तू अधिक पाळलास. पुढचे सर्व त्यातून आले.

तो सोमवार हरताळाचा होता. दिवाळी नुकतीच उलटली होती. संयुक्त महाराष्ट्रासाठी सारे गिरणगाव बंद राहणार आणि मोर्चा फाउंटनला जाणार, हे आदल्या आठवड्यापासून ठरले होते. लालबागच्या तुमच्या चाळीत मारुतीपुढे नारळ ठेवून प्रत्येकाने त्यावर हात ठेवला होता: त्या दिवशी कोणी कामावर जाणार नाही. कोकणातल्या माणसाने नारळावर हात ठेवला म्हणजे काय, हे मला परबांमुळे ठाऊक होते. शनिवारी तू माझ्यापाशी आलास. म्हणालास, "सर, सोमवारी हरताळ आहे."

मी म्हणालो, "नाकतोड्यांना कळवले आहेस काय?"

 मला त्या क्षणी माझी विनोदबुद्धी आवडली होती.

त्या सोमवारी मी गिरगावात घरी होतो. ट्राम बंद होत्या, हे खरे. चालत परळला कॉलेजात यायला मला कोणी बंदी केली नव्हती, हेही खरे. राज्याची मागणी मला मान्य होती. ती मी गॅलरीत उभा राहून मान्य करीत होतो. तिसऱ्या प्रहरी फाउंटनला गोळ्या चालल्याची बातमी आली. तुमच्या चाळीतून मोर्चाला गेलेला एक तरणा माणूस, बाळा, परत आला नाही.

गुरुवारी मी कॉलेजात पोहोचलो. नोंदवही माझ्या टेबलावर होती आणि तीत सोमवारचे पान भरलेले होते. मी ते उभ्याउभ्या वाचले. सल्फेटचे दोन्ही वाफे जवळजवळ रिते. उपाशी वाफे भरलेले. इतका स्पष्ट आकडा त्या हंगामात दुसरा नव्हता. खाली तुझ्या त्या किरट्या अक्षरात शेरा होता: 'आठव्या वाफ्यात, कोपऱ्यातील खुंटीजवळ, एक मादी अंडी घालीत आहे. उजवा मागचा पाय नाही.'

मी वही घेऊन मागे गेलो. खुंटीजवळची माती बोटाने उकरली. अंड्यांचा पुंजका होता. हातभर अंतरावर ती मादी बसली होती. उजवा मागचा पाय नव्हता. मला पाहून तिने उडी मारण्याचा प्रयत्न केला आणि ती कलंडली.

म्हणजे तू सोमवारी तिथे होतास. ते मला त्याच सकाळी, तिथेच, माती लागलेल्या बोटांनी कळले. पुढे मी जे केले ते गैरसमजातून केले, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. तू खरा ठरलास तर माझी पाच हंगामांची मांडणी कोसळत होती. मी खुंटी नीट बसवली, हात धुतले आणि प्राचार्यांकडे गेलो. म्हणालो, हरताळाच्या दिवशी फाटकाच्या वहीत कोणाचीही नोंद नाही, आणि माझ्या सहायकाने त्या दिवसाचे आकडे भरून ठेवले आहेत.

चौकशी प्राचार्यांच्या खोलीत झाली. प्राचार्य, हेडक्लार्क, मी आणि तू. परब फाटकाची वही ठेवून निघाले होते. मी म्हणालो, "परब, तुम्ही थांबा. फाटकाचे साक्षीदार आहात." साक्षीची गरज नव्हती, वही बोलत होती. मला तुझ्या चाळीचे कान त्या खोलीत हवे होते. 'होतो' म्हणालास तर आकडे खरे ठरतात, पण चाळीतला माणूस गोळी खाऊन पडला त्या दिवशी तू नारळावरचा हात मोडून कामावर आलास, हे परबांच्या तोंडून जिन्याजिन्यावर जाते. 'नव्हतो' म्हणालास तर तू लबाड. मी हे सगळे आदल्या दिवशी घरी बसून जुळवले होते. मोजणी मला जमत नसे. मांडणी जमत असे.

"सोमवारी अकरा वाजता तू मागच्या मैदानात होतास काय?"

तू माझ्याकडे पाहिले नाहीस. परबांकडे पाहिलेस. परब वहीकडे पाहत होते.

"दत्ताराम, हो किंवा नाही."

"नव्हतो."

"मग हे आकडे कुठून आले?"

"मनाने घातले."

"असे करायला तुला कोणी शिकवले?"

तेव्हा तू माझ्याकडे पाहिलेस. "सहा वर्षं तुमच्याकडेच होतो, सर."

प्राचार्य म्हणाले, "तोंड सांभाळून बोला." हेडक्लार्कने खाली पाहून हसू दाबले. तो घाव बरोबर बसला होता, फक्त किंचित बाजूला. मी आकडे मनाने घालीत नसे. मी ते मनाने गाळीत असे.

त्याच दुपारी तुला काढले. पुढे माटुंग्याच्या एका शाळेत प्रयोगशाळेची जागा निघाली तेव्हा तू माझ्याकडून दाखला मागवलास. मी लिहिले: 'निरीक्षणशक्ती उत्तम. विश्वासार्हतेविषयी मत देता येत नाही.' पहिले वाक्य मी न्यायबुद्धीने लिहिले आणि त्या न्यायबुद्धीचे मला समाधानही वाटले. शाळेने तुला घेतले नाही. तू गिरणीत, घडी खात्यात लागलास आणि कापडाच्या घड्या मोजू लागलास. माझा प्रबंध छापून आला. त्यावर माझ्या एकट्याचे नाव होते आणि तळटीप अशी: 'एका सोमवारची नोंद अविश्वसनीय आढळल्याने वगळली आहे.'

मधल्या काळात तू सत्याग्रहात गेलास, तुरुंगात राहिलास, बारीक होऊन परत आलास. चाळीने तुला हार घातला. लोक म्हणाले, राज्यासाठी गेला. असेलही. माझा अंदाज असा की, बाळा मोर्चाला निघत होता त्या वेळी तू गवतात उभा राहून नाकतोडे मोजत होतास, ह्याची फेड तू करीत होतास. अंदाजच, विचारण्याचा अधिकार मी आधीच गमावला होता.

पुढच्या हंगामात मोजणी मी स्वतः केली. दुसरा सहायक मिळत होता, मी घेतला नाही. मला साक्षीदार नको होता. दसऱ्यानंतरच्या एका सोमवारी नऊपासून तीनपर्यंत मी भिंतीला टेकून बसलो. दहा वाजून गेल्यावर हिरव्या वाफ्यांतून ते उठू लागले. घाई नाही, गोंधळ नाही. एक उडाला, मग दोन, मग पाच-सहा. पिवळ्या, उपाशी गवतात जाऊन बसले आणि चरू लागले. इतके स्वस्थपणे की चावण्याचा बारीक आवाज ऐकू येत होता. जे गवत आपण खत न देता सुकू दिले होते त्यात शर्करा उरली होती, आणि त्यांना आता तीच हवी होती. त्यांना शोधावे लागले नाही. ते जाणून गेले. इतके सुंदर दृश्य मी त्या मैदानात पाहिले नव्हते आणि ते पाहताना मला तुझा अतिशय राग आला.

मी काही लिहिले नाही. घरी जाऊन जेवलो. वर्ष संपताच प्रयोग पूर्ण झाल्याचे कळवून जमीन कॉलेजला परत केली. आता तिथे सायकली ठेवतात.

त्यानंतर आपली एकच भेट झाली, दादरच्या भाजीबाजारात. तू मेथीच्या जुड्या चाळवत होतास.

"सर, ओळखलंत?"

"ओळखले."

"हंगाम कसा गेला?"

"प्रयोग बंद केला."

"दसऱ्यानंतरचं बघितलंत का, बंद करण्याआधी?"

मी मेथीकडे पाहिले. तू हसलास, हसताना तुला खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही. भाजीवाली म्हणाली, "ओ मास्तर, जुडी घेताय की नुसतीच कुरवाळताय?" तू तिला म्हणालास, "ही काळीभोर नको गं मावशी, हिला सोनखत मारलंय. ती फिकी दे." मग माझ्याकडे वळून, "माणसाला उशिरा कळतं, एवढाच फरक."

हातभर अंतर होते. 'बघितले' हा एक शब्द पुरला असता. मी म्हणालो, "प्रकृती सांभाळ," आणि रेल्वेचा पूल चढू लागलो. पुलावरून खाली पाहिले तेव्हा तू तिथेच उभा होतास. जुडी हातात होती आणि तू माझ्याकडे पाहत नव्हतास.

गेल्या आठवड्यात, तुझ्या बाराव्याला, मी चाळीत आलो. ह्या चाळीचा जिना मी पहिल्यांदा चढलो. गॅलरीत कागदी पताका चिकटवणे चालले होते. येत्या महिन्यात राज्य होणार. तुझ्या पत्नीने मला एकुलती खुर्ची दिली. परब जमिनीवर बसले होते. शेजारची चार माणसे दाराशी होती. मी काय बोलायचे ते ठरवून आलो होतो. तू लबाड नव्हतास हे मला सांगायचे होते, आणि ते सांगताना तू शपथ मोडलीस हे उघड होणार होते. एका हाताने तुझी अब्रू देऊन दुसऱ्या हाताने घ्यावी लागणार, असा माझा हिशेब होता. माणूस गेला आहे, आता खरे तेवढे राहावे, असे मी स्वतःला बजावले.

मी म्हणालो, "बाई, त्या हरताळाच्या सोमवारी दत्ताराम कॉलेजच्या मैदानात होता. त्याचे आकडे खरे होते. ते मला तेव्हाच माहीत होते."

मग मी परबांकडे पाहिले. ते हातातल्या पताकेची नीट घडी करीत होते.

"आम्हालाही माहीत होतं, सर."

"काय माहीत होते?"

"आम्ही चार-पाच जण गिरणीच्या मागं बसलो होतो, मोर्चा निघायची वाट बघत. हा आला. चपला हातात घेतलेल्या, इकडं तिकडं बघतोय चोरासारखा. भिंतीवर चढला. बाळा म्हणाला, हाक मारूया का? मी म्हटलं, नको रे, पडायचा."

"आणि शपथ?"

"कसली?"

"नारळावरची. कामावर जाणार नाही ही."

परबांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी शाळेतला ढ मुलगा असावा. "ती कामाची होती ओ, सर. किडे मोजणं हे काय काम?"

दाराशी कोणीतरी हसले आणि लगेच थांबले. बाराव्याचे घर होते.

"मग तुम्ही त्याला कधी बोलला नाहीत?"

"संध्याकाळी चिडवणार होतो. बाळाच चिडवणार होता, नक्कल पण करून दाखवली त्यानं. मग तो गेला. त्या दिवसाची मस्करी कोण करणार? नंतर त्या दिवसाचा विषयच कोणी काढला नाही."

"आणि प्राचार्यांच्या खोलीत? तिथे तुम्ही गप्प का राहिलात?"

"मला कोणी विचारलं? तुम्ही मला उभं केलंत, विचारलंत त्याला. तो म्हणाला, 'नव्हतो'. म्हटलं, ह्यांचं दोघांचं आतलं काहीतरी असेल. त्यानं नाही म्हटल्यावर मी त्याला सायबासमोर खोटा कसा पाडू?"

 तुझ्या पत्नीने परबांना विचारले, "म्हणजे हे 'होतो' म्हणाले असते, तर कोणी काही बोललं नसतं?"

"कोण बोलणार, वैनी?"

"चाळीत कोणीच?"

"कोणीच नाही."

 ती म्हणाली, "साडेचार वर्षं हे खाली मान घालून जिना चढले." एवढेच. माझ्याकडे तिने पाहिले नाही. कप उचलून ती आत गेली आणि आत भांडी बराच वेळ वाजत राहिली.

तेव्हा आता हे तुला सांगतो, कारण सांगायला दुसरा माणूस नाही. तू भित्रा होतास. ज्या चाळीने तुला भिंत चढताना पाहून हाक मारली नाही, का तर तू पडशील, त्या चाळीला तू घाबरलास. तुझी माणसे तुला कळली नाहीत. नाकतोड्यांचे पोट तुला कळे आणि शेजाऱ्याचे मन कळले नाही. ही तुझी चूक आहे, आणि मेलास म्हणून ती मी माफ करीत नाही.

माझे त्याहून वाईट आहे. मी ज्या भीतीवर विसंबलो ती भीती फक्त दोघांच्या डोक्यांत होती, तुझ्या आणि माझ्या. ती मला इतकी अचूक दिसली, कारण मीही तसाच घाबरट माणूस आहे. आपण दोघे सोडून त्या खोलीत, त्या चाळीत, त्या सबंध गिरणगावात कोणालाही ती ठाऊक नव्हती.

मला तुझ्याकडून जे मिळाले तेही लिहून ठेवतो. स्थिर उभे राहणे मी तुझ्याकडून शिकलो, फार उशिरा. कीटक आपल्या तक्त्यासाठी जगत नाही, हेही.

एका मुद्द्यावर मात्र मी अजून तुझ्याशी सहमत नाही. उडण्यासाठी लागते म्हणून ते पिवळ्या गवतात जातात, हे तुझे म्हणणे अपुरे आहे. मागचा एक पाय गमावलेली ती मादी उडणार नव्हती, तरी ती आठव्या, उपाशी वाफ्यातच होती. ती तिथे का गेली? कदाचित अतिनत्राचे गवत त्यांना सोसतच नसेल. कदाचित अंडी घालायला तिथली विरळ, उघडी माती बरी पडत असेल, आणि मग चरण्याचा त्याच्याशी संबंधच नसेल. गेला आठवडाभर मी ह्यावर विचार करतो आहे. तुझ्याकडे ह्याला काहीतरी उर्मट उत्तर असणार, आणि ते बरोबरही असणार. ते मला मिळणार नाही.

कॉलेजच्या ग्रंथालयातील प्रबंधाच्या प्रतीवर मी शाईने माझ्या नावाआधी तुझे नाव लिहिले आहे. तळटीप खोडली आहे आणि बाजूला सही केली आहे. ती प्रत कोणी उघडत नाही. हे छापून आल्याने तुला काही मिळणार नाही आणि तुझ्या पत्नीला त्याहून कमी. क्षमा मागण्यासाठी मी हे लिहिलेले नाही. जो देऊ शकत नाही त्याच्याकडे मागणे फार सोयीचे असते. मी फक्त नोंद दुरुस्त करीत आहे, आणि ती अशी:

त्या सोमवारी अकरा वाजता तू हजर होतास. मी नव्हतो.